घटक ६ : लोकनायक बापूजी अणे – जीवन आणि काव्य

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
• माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे कालानुक्रमे सांगता येतील.
• ‘प्रतियोगी सहकारिता’ ही भूमिका स्पष्ट करून अणे यांच्या राजकीय निर्णयांशी तिचा संबंध दाखविता येईल.
• ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत चरित्रकाव्याचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा यांची चर्चा करता येईल.
• लेखकाचे सार्वजनिक जीवन व त्याची साहित्यकृती यांच्यातील नात्याचा विचार करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मराठी साहित्याच्या इतिहासात राजकारण आणि वाङ्मय या दोन्ही क्षेत्रांत वावरलेल्या व्यक्तींची परंपरा मोठी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधांनी राजकीय जाणीव घडविली, लोकमान्य टिळकांनी वृत्तपत्राबरोबर तत्त्वचिंतनही केले, न. चिं. केळकर, शि. म. परांजपे, वि. दा. सावरकर या सर्वांची लेखणी आणि सार्वजनिक कार्य परस्परांपासून वेगळे काढता येत नाही. या परंपरेतील विदर्भाचे एक ठळक नाव म्हणजे लोकनायक बापूजी अणे.

अणे यांच्याविषयी लिहिताना अभ्यासकांपुढे एक अडचण उभी राहते. कायदेभंग करून तुरुंगात गेलेला हा नेता पुढे ब्रिटिश व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसला. काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद भूषविलेल्या या गृहस्थाने पुढच्याच वर्षी काँग्रेसच्या धोरणाविरुद्ध वेगळा पक्ष काढला. मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान मिळालेल्या या साहित्यप्रेमीने आपली सर्वांत मोठी रचना मात्र संस्कृतात केली. वरवर पाहता या गोष्टी परस्परविरोधी वाटतात. त्यांना जोडणारे सूत्र आहे काय, आणि असल्यास ते त्यांच्या काव्यात कोणत्या रूपाने दिसते, या प्रश्नाचा शोध आपण या घटकात घेणार आहोत.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ जन्म, परिसर आणि शिक्षण

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे झाला. त्या काळचा वऱ्हाड समजून घेतल्याशिवाय त्यांची जडणघडण समजणार नाही. वऱ्हाड हा मुळात निजामाच्या राज्याचा भाग. १८५३ मध्ये त्याचा कारभार इंग्रजांकडे आला, १९०२ मध्ये तो त्यांना कायमच्या भाडेपट्ट्याने मिळाला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताशी जोडला गेला. ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ अशा जोडनावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशाची राजधानी नागपूर होती. एकीकडे निजामाचे नाममात्र स्वामित्व, दुसरीकडे इंग्रजांची प्रत्यक्ष सत्ता आणि मनाने मात्र पुण्याच्या राजकारणाशी जडलेले नाते, अशा तिहेरी स्थितीत वऱ्हाडातील सुशिक्षित पिढी वाढत होती.

अणे यांचे महाविद्यालयीन शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. १८८५ मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय म्हणजे त्या काळी या प्रांतातील उच्च शिक्षणाचे प्रमुख केंद्र. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ ची. त्यापूर्वी इथल्या विद्यार्थ्यांना पदवीसाठी बाहेरच्या विद्यापीठांवर अवलंबून राहावे लागे. अणे यांनीही कायद्याची पदवी कलकत्ता विद्यापीठाची घेतली. दरम्यान काही वर्षे त्यांनी अमरावतीत शिक्षक म्हणून काम केले. स्वदेशी आणि बहिष्काराच्या चळवळीने देश ढवळून निघाला होता तो हाच काळ. पुढे त्यांनी यवतमाळला वकिली सुरू केली आणि यवतमाळ हीच त्यांच्या सार्वजनिक जीवनाची पहिली कर्मभूमी ठरली.

संस्कृत विद्येचा व्यासंग आणि कायद्याचे शिक्षण या दोन गोष्टी त्यांच्या व्यक्तिमत्त्वात एकत्र आल्या. पहिल्याने त्यांना परंपरेची भाषा दिली. दुसऱ्याने प्रत्येक प्रश्नाची बाजू आणि प्रतिबाजू तपासण्याची सवय लावली. त्यांच्या पुढील आयुष्यात या दोन्ही संस्कारांचा ठसा आढळतो.

६.२.२ टिळकांचे अनुयायित्व आणि ‘लोकमत’

वऱ्हाडातील टिळकपक्षाचे नेतृत्व त्या काळी अमरावतीच्या दादासाहेब खापर्डे यांच्याकडे होते, तर नागपुरात डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे टिळकांचे खंदे समर्थक होते. या वातावरणात तरुण अणे टिळकांकडे आकृष्ट झाले. टिळकांवरील त्यांची निष्ठा ही त्यांच्या जीवनातील सर्वांत स्थिर गोष्ट होय. होमरूल चळवळीच्या काळात त्यांनी वऱ्हाडात टिळकांच्या विचारांचा प्रसार केला.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारास अणे यांनी यवतमाळहून ‘लोकमत’ हे साप्ताहिक सुरू केले. मोठ्या शहरांपासून दूर, कापसाच्या बाजारपेठेच्या गावी वृत्तपत्र चालविणे सोपे नव्हते. तथापि ‘केसरी’ने पुण्यात जे कार्य केले ते आपल्या मुलखातही व्हावे, ही प्रेरणा त्यामागे होती. स्वातंत्र्यानंतर याच नावाने जवाहरलाल दर्डा यांनी यवतमाळला साप्ताहिक काढले आणि १९७१ मध्ये नागपुरातून ते दैनिकाच्या रूपाने प्रसिद्ध होऊ लागले. आज महाराष्ट्रभर पोचलेल्या या नावाचा उगम असा वऱ्हाडातील टिळकनिष्ठ पत्रकारितेत आहे.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि महात्मा गांधींच्या असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब झाले. टिळकांच्या अनुयायांपुढे आता प्रश्न होता : नव्या नेतृत्वामागे संपूर्णपणे जावयाचे, की टिळकांनी दाखविलेल्या वाटेचा आग्रह धरावयाचा? अणे यांच्या राजकारणाला येथून वळण लागते.

६.२.३ ‘प्रतियोगी सहकारिता’ : भूमिका आणि तिचे परिणाम

१९१९ च्या अखेरीस अमृतसर काँग्रेसच्या वेळी टिळकांनी ‘प्रतियोगी सहकारिता’ ही भूमिका मांडली होती. सरकार लोकांच्या मागण्यांना जितका प्रतिसाद देईल तितक्याच प्रमाणात लोकांनी सरकारशी सहकार्य करावे. जेथे प्रतिसाद नाही तेथे विरोध करावा. आणि जे अधिकार हाती आले असतील त्यांचा उपयोग पुढचे अधिकार मिळविण्यासाठी करावा, असा तिचा आशय. या भूमिकेत सहकार्यालाही अट आहे आणि विरोधालाही. तिच्यात कोणतेही एक साधन पवित्र किंवा निषिद्ध ठरत नाही.

अणे यांना हीच दृष्टी पटली होती. विधिमंडळांवरील बहिष्कार त्यांना मान्य नव्हता. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी १९२३ मध्ये स्वराज्य पक्ष स्थापन केला तेव्हा ते त्यात सामील झाले आणि मध्यवर्ती विधिमंडळात गेले. परंतु आत जाऊन केवळ अडवणूक करावयाची, हे स्वराज्य पक्षाचे धोरणही अनेकांना अपुरे वाटू लागले. ऑक्टोबर १९२५ मध्ये अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी मध्य प्रांताच्या गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील पद स्वीकारले आणि वादाचा भडका उडाला. पक्षशिस्तीच्या दृष्टीने हा भंग होता. प्रतियोगी सहकारितेच्या दृष्टीने मात्र मिळालेल्या अधिकाराचा तो वापर होता. या वादातून १९२६ मध्ये वेगळा प्रतियोगी सहकार पक्ष उभा राहिला. बॅ. मुकुंदराव जयकर, न. चिं. केळकर, डॉ. मुंजे आणि अणे हे त्याचे प्रमुख नेते होते.

१९२८ मध्ये मोतीलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भारताच्या राज्यघटनेचा आराखडा तयार करणारी समिती नेमली गेली, तिचेही अणे सदस्य होते. १९३१ मध्ये बंगाल काँग्रेसमधील सुभाषचंद्र बोस आणि जतींद्रमोहन सेनगुप्त यांच्या गटांत कलह विकोपाला गेला, तेव्हा लवादाचे काम काँग्रेसने अणे यांच्यावर सोपविले. मतभेद असूनही विरोधी बाजूला त्यांच्या न्यायबुद्धीविषयी विश्वास वाटत असे, याचा हा पुरावा आहे.

६.२.४ सत्याग्रही आणि हंगामी अध्यक्ष

प्रतियोगी सहकारितेचा पुरस्कर्ता म्हणजे सरकारशी जमवून घेणारा, असा समज होण्याचा संभव असतो. अणे यांच्या बाबतीत १९३० साल हा समज खोडून काढते. गांधीजींनी दांडी येथे मिठाचा कायदा मोडला. वऱ्हाडाला समुद्रकिनारा नाही. अकोला जिल्ह्यातील दहिहंडा येथे खाऱ्या पाण्यापासून मीठ करून येथील लोकांनी कायदेभंग केला खरा. पण पावसाळा सुरू झाल्यावर दुसरे साधन हवे होते. ते जंगलाच्या रूपाने हाती आले. राखीव जंगलाच्या कायद्याने गावकऱ्यांच्या गवत, सरपण आणि चराईच्या जुन्या हक्कांवर बंधने आणली होती. हे दुःख शेतकऱ्याला मिठापेक्षाही जवळचे होते. विधिमंडळातील आसन सोडून अणे यांनी जुलै १९३० मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रहाला आरंभ केला आणि कारावास पत्करला. राष्ट्रीय चळवळीचे साधन स्थानिक जीवनातून शोधण्याची त्यांची दृष्टी येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

१९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. तो काळ अवघड होता. बहुतेक नेते तुरुंगात होते, चळवळ थकली होती. मे महिन्यात गांधीजींनी हरिजनकार्यासाठी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले आणि त्यांची सुटका झाली. त्यांच्या सूचनेवरून अणे यांनी सविनय कायदेभंग सहा आठवड्यांसाठी तहकूब केल्याचे जाहीर केले. जुलैमध्ये पुण्याला अणे यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस कार्यकर्त्यांची परिषद झाली. त्यानंतर सामुदायिक कायदेभंग थांबवून त्याऐवजी वैयक्तिक कायदेभंगाचे धोरण स्वीकारण्यात आले. चळवळ मागे घेण्याची घोषणा करणे हे कोणत्याही नेत्यासाठी अप्रिय काम असते. अणे यांनी ते केले आणि नव्या धोरणानुसार स्वतः सत्याग्रह करून पुन्हा तुरुंगाची वाट धरली.

पुढच्याच वर्षी मात्र त्यांचा काँग्रेसशी उघड संघर्ष झाला. ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी ऑगस्ट १९३२ मध्ये जाहीर केलेला जातीय निवाडा धर्मवार स्वतंत्र मतदारसंघांवर आधारलेला होता. काँग्रेसने तो स्वीकारलाही नाही आणि नाकारलाही नाही. ही तटस्थता मदनमोहन मालवीय आणि अणे यांना मान्य नव्हती. १९३४ मध्ये दोघांनी पदे सोडली आणि काँग्रेस राष्ट्रीय पक्ष स्थापन केला. ज्या संस्थेचे अध्यक्षपद वर्षापूर्वी सांभाळले तिच्या उमेदवारांसमोर उभे राहण्याचा हा निर्णय होता. हिंदू महासभेशी असलेली अणे यांची जवळीक या भूमिकेमागे होती, हेही अभ्यासकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

६.२.५ कार्यकारी मंडळ : चिमूर ते राजीनामा

अणे यांच्या जीवनातील सर्वांत वादग्रस्त पर्व १९४१ मध्ये सुरू होते. दुसरे महायुद्ध चालू असताना व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी आपल्या कार्यकारी मंडळाचा विस्तार करून त्यात अधिक भारतीय सदस्य घेतले. अणे यांनी त्यात परदेशस्थ भारतीयांचे खाते स्वीकारले. काँग्रेस त्या वेळी युद्धविरोधी वैयक्तिक सत्याग्रहात गुंतली होती. प्रतियोगी सहकारितेच्या तर्काने पाहिले, तर मिळणारा अधिकार हाती घेऊन तो देशासाठी वापरावा, असा हा निर्णय होता. चळवळीच्या नजरेने पाहिले, तर तो परक्या सत्तेला दिलेला आधार होता.

या तर्काची खरी परीक्षा १९४२ मध्ये झाली, आणि ती त्यांच्या जन्मगावाशेजारच्या चांदा जिल्ह्यातून आली. ‘भारत छोडो’ आंदोलनात ऑगस्ट महिन्यात चिमूर येथे उठाव झाला. जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर गावात शिरलेल्या लष्कराने आणि पोलिसांनी लोकांवर, विशेषतः स्त्रियांवर, अत्याचार केल्याच्या बातम्या बाहेर आल्या. सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी चौकशीची मागणी केली. ते दिल्लीला गेले आणि कार्यकारी मंडळात बसलेल्या अणे यांच्याच निवासस्थानी त्यांनी उपोषण आरंभिले. दिल्लीतून हलविले गेल्यानंतरही भन्साळी यांनी उपोषण सोडले नाही. ते त्रेसष्ट दिवस चालले.

हा प्रसंग अणे यांच्या भूमिकेवरील सर्वांत कठोर भाष्य म्हणावा लागेल. सत्तेत राहून लोकांचे भले करता येते, हे प्रतियोगी सहकारितेचे गृहीत होते. आणि आपल्याच मुलखातील अत्याचारांच्या चौकशीसाठी एक उपोषणकर्ता दाराशी बसला असता, मंडळातील सदस्याच्या हाती किती अल्प सत्ता आहे हे उघड झाले. पुढे १० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. त्यांची प्रकृती ढासळू लागली, तरी सरकार त्यांना मुक्त करण्यास तयार होईना. तेव्हा अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तीन सदस्यांनी राजीनामे दिले. प्रतिसाद संपला तेथे सहकार्य संपले, असा या राजीनाम्याचा अर्थ लावता येतो. तो राजीनामा चिमूरच्या वेळीच यावयास हवा होता, असेही म्हणता येते. दोन्ही बाजू समोर ठेवून विद्यार्थ्यांनी आपले मत बनवावे.

६.२.६ राजदूत, राज्यपाल आणि नागपूरचे खासदार

१९४३ ते १९४७ या काळात अणे यांनी सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून काम केले. तेथील चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या हक्कांचा प्रश्न दोन्ही देशांच्या संबंधांत कळीचा होता. स्वातंत्र्यानंतर जानेवारी १९४८ मध्ये ते बिहारचे राज्यपाल झाले आणि जून १९५२ पर्यंत त्या पदावर राहिले.

यानंतर विश्रांती घेण्याचे वय झाले होते. पण विदर्भाच्या प्रश्नाने त्यांना पुन्हा रणांगणात आणले. १९५३ मध्ये नागपूर करार झाला. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाच्या वेगळ्या राज्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही आणि १ मे १९६० रोजी विदर्भासह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. अणे वेगळ्या विदर्भाचे पुरस्कर्ते होते. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, ते नागपूरमधून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. मराठी भाषकांचे एकच राज्य असावे ही भावना प्रबळ असताना, मराठी साहित्य संमेलनाचा एक माजी अध्यक्ष दुसऱ्या मराठी राज्याची मागणी करीत होता. भाषेवरील प्रेम आणि राज्याची रचना हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, अशी त्यांची धारणा या भूमिकेतून दिसते.

२६ जानेवारी १९६८ रोजी, प्रजासत्ताकदिनी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण हा किताब देण्यात आला.

६.२.७ वऱ्हाडातील साहित्य आणि राजकारण

१९२८ मध्ये ग्वाल्हेर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद अणे यांनी भूषविले. त्यांच्या आदल्या वर्षी पुण्याच्या संमेलनाचे अध्यक्ष विदर्भाचेच श्रीपाद कृष्ण कोल्हटकर होते आणि पुढच्या वर्षी बेळगावला शि. म. परांजपे होते. एक नाटककार-विनोदकार, एक लोकनेता आणि एक राष्ट्रीय निबंधकार अशी ही क्रमवारी आहे. साहित्य हा सार्वजनिक जीवनाचा भाग मानला जात होता, हे तिच्यावरून कळते.

वऱ्हाडात या संगमाचे दुसरे उदाहरण अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे आहे. तेही टिळकांचे अनुयायी, सत्याग्रही आणि काँग्रेसचे नेते. त्यांनी रंगभूमीचे माध्यम निवडले. त्यांची ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि ‘रणदुंदुभि’ ही नाटके संगीत रंगभूमीवर गाजली. नाटककाराला श्रोता समोर हवा असतो. त्याचे शब्द त्याच रात्री हजारोंच्या मनात पेट घेतात. अणे यांनी निवडलेला मार्ग याच्या अगदी उलट होता. त्यांनी जी रचना केली तिला प्रेक्षागृह नव्हते आणि वाचकही मोजके असणार होते.

६.२.८ ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’

उत्तरायुष्यात अणे यांनी लोकमान्य टिळकांचे चरित्र संस्कृत पद्यात रचले. ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ म्हणजे टिळकांच्या यशाचा सागर. सुमारे १२,००० श्लोकांची ही रचना अणे यांच्या मृत्यूनंतर, १९६९ पासून पुढील दोन-तीन वर्षांत, तीन खंडांत प्रकाशित झाली आणि १९७३ मध्ये तिला संस्कृत भाषेसाठीचा साहित्य अकादेमी पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला.

या ग्रंथाचे आकारमान समजण्यासाठी एक तुलना करू. वाल्मीकिरामायण सुमारे २४,००० श्लोकांचे मानले जाते. म्हणजे अणे यांनी एका आधुनिक पुरुषाच्या चरित्रासाठी रामायणाच्या निम्म्याइतका विस्तार योजला. कोर्टकचेऱ्या, विधिमंडळे, तुरुंग आणि राजभवन पाहिलेल्या माणसाने आयुष्याच्या संध्याकाळी हे काम हाती घ्यावे, यातच त्याचे महत्त्व दडलेले आहे.

संस्कृतच का निवडले? याची तीन संभाव्य उत्तरे देता येतील. पहिले, चरित्रनायकाशी असलेले औचित्य : टिळक हे वेदकालाचे संशोधक आणि ‘गीतारहस्य’कार होते. दुसरे, भारतव्यापी वाचकवर्गाची अपेक्षा : बिहारचे राज्यपालपद भूषविलेल्या मराठी माणसाला संस्कृत ही प्रांतांना जोडणारी भाषा वाटणे स्वाभाविक होते. तिसरे, परंपरेचे भान : शिवाजी महाराजांच्या काळात कवींद्र परमानंदाने ‘शिवभारत’ संस्कृतात रचले होते आणि विसाव्या शतकात पंडिता क्षमा राव यांनी गांधीजींच्या चळवळीवर ‘सत्याग्रहगीता’ लिहिली होती. अणे यांचे काव्य या मालिकेत बसते.

अशा रचनेत भाषेचे आव्हानही मोठे असते. टिळकांचे चरित्र म्हणजे १८९७ आणि १९०८ चे राजद्रोहाचे खटले, सुरतेची फूट, मंडालेचा तुरुंगवास, होमरूल लीग आणि वृत्तपत्रांचे संपादन. न्यायालय, ज्यूरी, मुद्रणालय, राजकीय पक्ष या आधुनिक संस्थांचे वर्णन अभिजात छंदांच्या चौकटीत करावयाचे, तर कवीला राजकारण, कायदा आणि संस्कृत या तिन्ही क्षेत्रांची माहिती हवी. अणे यांच्यापाशी ती होती.

येथे केळकरांच्या टिळकचरित्राचे स्मरण होते. प्रतियोगी सहकार पक्षातील या दोन सहकाऱ्यांनी एकाच गुरूचे चरित्र लिहिले. केळकरांचे त्रिखंडात्मक मराठी गद्यचरित्र १९२३ ते १९२८ या काळात, टिळकांच्या आठवणी ताज्या असताना, प्रसिद्ध झाले. त्यात कागदपत्रे आहेत, वादविवाद आहेत, समकालीनांशी हिशेब आहे. अणे यांचे काव्य चार दशकांनंतर प्रकाशात आले. तोवर टिळक राजकीय वादातून बाहेर पडून इतिहासात स्थिरावले होते. केळकरांनी टिळकांना पुराव्यांनिशी उभे केले. अणे यांनी त्यांना काव्यनायकाच्या पदावर बसविले.

या काव्याची मर्यादा त्याच्या शीर्षकातच सूचित झाली आहे. कवी आरंभीच यशाचे गान करण्याची प्रतिज्ञा करतो. त्यामुळे चरित्रनायकाच्या निर्णयांची चिकित्सा, त्याच्या सामाजिक मतांवरील आक्षेप, त्याच्या विरोधकांची बाजू यांची अपेक्षा अशा ग्रंथाकडून धरता येत नाही. संमतिवयाच्या कायद्याचा वाद किंवा आगरकरांशी झालेला मतभेद समजून घ्यावयाचा असेल, तर वाचकाला अन्य साधनांकडे वळावे लागते. दुसरी मर्यादा वाचकवर्गाची. टिळकांनी ‘केसरी’तून सामान्य माणसाच्या मराठीत राजकारण पोचविले, त्यांच्यावरील हे काव्य मात्र त्याच सामान्य माणसाला मूळ भाषेत वाचता येत नाही.

६.२.९ तुलना आणि मूल्यमापन

कवी आणि राजकारणी यांचा एकाच व्यक्तीत झालेला संगम जगाच्या इतर साहित्यांतही आढळतो. एकोणिसाव्या शतकातील स्पॅनिश कवी आणि नाटककार फ्रान्सिस्को मार्तिनेस दे ला रोसा (१७८७–१८६२) यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. राजा सातवा फर्डिनंड याच्या अनियंत्रित सत्तेला विरोध केल्यामुळे त्यांनी तुरुंगवास भोगला, पुढे सरकारचे प्रमुख झाले, नंतर पॅरिसमध्ये परागंदा अवस्थेत राहिले आणि १८३४ मध्ये पुन्हा पंतप्रधानपदी आले. त्याच वर्षी त्यांनी मर्यादित अधिकार देणारी सनद लागू केली आणि त्याच वर्षी व्हेनिसमधील कटावरचे त्यांचे नाटक माद्रिदच्या रंगभूमीवर आले. त्यांच्या मध्यममार्गी सनदेवर राजनिष्ठ आणि पुरोगामी असे दोन्ही पक्ष नाराज झाले. तुरुंग आणि सत्ता या दोन्हींचा अनुभव, टप्प्याटप्प्याने अधिकार मिळविण्यावरचा विश्वास आणि दोन्ही बाजूंची टीका हे साम्य अणे यांच्याशी आहे. फरक असा की मार्तिनेस यांनी सत्तेवर असताना सत्तेविरुद्धच्या कटाचे नाटक रंगविले. अणे यांनी सत्तेपासून दूर गेल्यावर आपल्या गुरूचे काव्य पूर्ण केले.

प्रास्ताविकात मांडलेल्या प्रश्नाकडे आता वळू. अणे यांच्या निर्णयांत सूत्र होते काय? पुसदचे जंगल, पुण्याची परिषद, दिल्लीचे कार्यकारी मंडळ आणि नागपूरची अपक्ष उमेदवारी या सर्व ठिकाणी त्यांनी एकच कसोटी लावलेली दिसते : हा मार्ग या घटकेला लोकांच्या हाती काही अधिकार देतो काय? देत असेल तर सहकार्य, नसेल तर विरोध. यामुळे ते कोणत्याही पक्षाचे कायमचे राहिले नाहीत. ही कसोटी नेहमीच बरोबर लागली असे नाही. चिमूरने ते दाखवून दिले. परंतु ती सोयीनुसार बदललेली नव्हती.

राजकारणात अणे यांनी प्रत्येक सहकार्याला अट घातली. सरकारशी, काँग्रेसशी, राज्याच्या नव्या रचनेशी त्यांचे नाते नेहमी सशर्त राहिले. एका ठिकाणी मात्र त्यांनी अट घातली नाही, आणि ते म्हणजे त्यांचे काव्य. सुमारे बारा हजार श्लोकांत त्यांनी टिळकांना जे वाहिले ते बिनशर्त होते. त्यांच्या राजकारणाचे बळ चिकित्सेत आहे आणि काव्याचे बळ निष्ठेत आहे. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही; पण दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय हा माणूस पूर्णपणे कळत नाही.

६.३ सारांश

वणी येथे जन्मलेले आणि नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले बापूजी अणे हे टिळकांच्या विचारांत वाढलेले विदर्भाचे नेते. ‘लोकमत’ साप्ताहिक, प्रतियोगी सहकार पक्ष, पुसदचा जंगल सत्याग्रह, काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद, काँग्रेस राष्ट्रीय पक्ष, व्हाइसरॉयचे कार्यकारी मंडळ आणि त्याचा राजीनामा, बिहारचे राज्यपालपद आणि नागपूरची खासदारकी हे त्यांच्या सार्वजनिक जीवनाचे टप्पे. १९२८ च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे त्यांचे संस्कृत चरित्रकाव्य आधुनिक विषय अभिजात भाषेत मांडण्याचा मोठा प्रयत्न असून, गौरवपर दृष्टी आणि मर्यादित वाचकवर्ग या त्याच्या मर्यादा आहेत.

६.४ पारिभाषिक शब्द

प्रतियोगी सहकारिता : सरकारच्या प्रतिसादाच्या प्रमाणात सहकार्य करण्याचे धोरण.
जंगल सत्याग्रह : राखीव जंगलाचे कायदे मोडून केलेला सविनय कायदेभंग.
जातीय निवाडा : धर्म व जातिसमूहांनुसार प्रतिनिधित्व ठरविणारा १९३२ चा ब्रिटिश सरकारचा निर्णय.
चरित्रकाव्य : ऐतिहासिक व्यक्तीचे जीवन पद्यरूपाने सांगणारी रचना.
अर्णव : सागर.

६.५ सरावासाठी स्वाध्याय

१. वऱ्हाडची राजकीय स्थिती आणि अणे यांची जडणघडण यांचा संबंध स्पष्ट करा.
२. प्रतियोगी सहकारितेची संकल्पना सांगून १९३० आणि १९४१ मधील अणे यांच्या निर्णयांची तिच्या आधारे तुलना करा.
३. चिमूर प्रकरण आणि १९४३ चा राजीनामा यांविषयी तुमचे मत कारणांसह मांडा.
४. केळकरांचे गद्य टिळकचरित्र आणि अणे यांचे चरित्रकाव्य यांच्या स्वरूपातील फरक लिहा.
५. टिपा लिहा : (अ) पुसदचा जंगल सत्याग्रह (आ) ‘लोकमत’ साप्ताहिक (इ) आधुनिक विषयावरील संस्कृत काव्य.
६. उपक्रम : तुमच्या जिल्ह्यात राजकारण आणि साहित्य या दोन्ही क्षेत्रांत कार्य केलेल्या एका दिवंगत व्यक्तीची माहिती स्थानिक ग्रंथालयातून मिळवा आणि तिच्या लेखनावर तिच्या सार्वजनिक कार्याचा परिणाम कसा झाला, हे दोन पानांत लिहा.